दाखवायला या

"टोपी काढ जरा," शंतनु देव म्हणाले.

सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या तारेच्या कारखान्याचं गेट. सकाळच्या पाळीची माणसं आत जायला रांगेत उभी होती आणि भोंग्याला पाच मिनिटं उरली होती. वाल्मिक सपकाळेनं कंपनीनं दिलेलं पिवळं हेल्मेट काखेत धरलं होतं. डोक्यावर नेहमीची पांढरी टोपी होती, मागे मानेपर्यंत ओढलेली.

"साहेब, हेल्मेट बसत नई मले," तो म्हणाला. "अकरा दिवस घातलं. रगत येतं."

"चारशे माणसांना बसतं आणि तुलाच बसत नाही? डोकं वेगळं आहे का तुझं?"

मागची दोन-चार माणसं हसली. देव कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर होते, पुण्याहून वर्षभरापूर्वी आलेले. गेल्याच महिन्यात छताच्या साखळीचा हूक निसटून एका बिहारी पोराच्या डोक्यात पडला होता. त्यानंतर हेल्मेटची सक्ती झाली होती आणि ती अमलात आणायची जबाबदारी त्यांची होती.

"आत हापिसात दाखवतो, साहेब."

"इथंच दाखव. तुला एकट्याला सूट दिली तर उद्या सगळे टोप्या घालून येतील."

वाल्मिकनं उजव्या-डाव्या बाजूला पाहिलं. मग टोपी काढली.

हसणं थांबलं. टाळूपासून मानेपर्यंत, अर्ध्याहून जास्त डोक्यावर, कातडी जाड होऊन वळ्यावळ्यांनी उचलली गेली होती. कुणी ओली गोधडी दुमडून डोक्यावर टाकावी तशी. बोटाएवढ्या जाड तपकिरी वळ्या, मध्ये खोल फटी, फटींतून कुठं कुठं केसांचे विरळ झुपके. हेल्मेटचा आतला पट्टा जिथं रुतला होता तिथं दोन वळ्या सोलून लाल झाल्या होत्या.

"भेजा बाहर आ गया क्या इसका?" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

देव एक पाऊल मागे सरले. त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. "घाल. घाल ती टोपी."

वाल्मिकला कारखान्यात आठ वर्षं झाली होती. तेवढ्या काळात त्याचं डोकं कुणी पाहिलं नव्हतं. चाळीच्या नळावर आंघोळ करतानाही तो डोक्याला पंचा गुंडाळत असे. त्या दिवशी, १९९१ च्या मार्चमध्ये, ते सगळ्या सायलीला माहीत झालं.

वाल्मिक जन्मला तेव्हा डोक्यावर तळहाताएवढा तपकिरी डाग होता. यावलकडच्या त्याच्या गावातल्या सुईणीनं सांगितलं होतं, पोर वाढेल तसा डाग फिका पडेल. पोर वाढलं तसा डागही वाढला. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो जाड झाला आणि त्याला वळ्या पडायला लागल्या. मग शाळा सुटली आणि टोपी आली.

कमळाबाईशी लग्न ठरलं तेव्हा तिच्या माहेरी कुणालाच हे सांगितलेलं नव्हतं. लग्नात डोक्याला फेटा होता, नंतरचे दोन दिवस टोपी. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना वाल्मिक तिच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर, उजेडात बसला आणि त्यानं टोपी काढून बाजूला ठेवली.

"पाहून घे," तो म्हणाला. "नको वाटलं त आजच सांग. मी सोता तुले बापाच्या घरी नेऊन सोडतो. कोनाले काही बोलनार नई."

कमळाबाईनं पाहिलं. किळस आली, हे ती पुढेही कधी नाकारत नसे. मग तिनं विचारलं, "दुखतं का हो?"

"दुखत नई. खाजतं. घाम आला का वास येतो."

"मंग साफ कोन करतं?"

"मीच करतो. हात पोचतो तथपर्यंत."

ती राहिली. दर रविवारी कडुनिंबाचा पाला उकळून ती त्याचं डोकं धुवायची. बोटाला धुतलेलं धोतराचं फडकं गुंडाळून एकेक फट पुसायची, मग कोरडी करायची. कोरडं करणं सगळ्यात महत्त्वाचं होतं. जरा ओल राहिली की दोन दिवसांत चिघळायचं. अर्धा-पाऊण तास जायचा. तेवढ्या वेळात दोघं एरवी बोलत नसत ते बोलायची. सिल्वासाकडे कारखाने निघालेत, तिकडं जाऊ, हेही तिथंच ठरलं.

सोनी जन्मली तेव्हा पोरीच्या डोक्यावर दाट काळं जावळ होतं. तरीही वाल्मिकनं ते बोटांनी बाजूला सारून सगळी कातडी तपासली. मग बाहेर जाऊन बराच वेळ एकटाच बसला. परत आल्यावर म्हणाला, "एकदा सुटलो, कमळे. पुन्हा देवाची परीक्षा नको." कमळाबाईला आणखी मुलं हवी होती. तिनं वाद घातला नाही.

कारखान्यात तांब्याची जाड सळई एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या साच्यांतून ओढून तिची केसासारखी तार करत. तार मध्येच तुटली की सगळं मशीन थांबवावं लागे. वाल्मिकच्या मशीनवर तार क्वचितच तुटायची. तुटायच्या आधी आवाज पातळ होतो, असं तो सांगायचा. उदय काळे हा नाशिकहून आलेला तरुण इंजिनिअर आधी हसला होता. नंतर तो स्वतःच मशीनशेजारी उभा राहून डोळे मिटून तो आवाज ऐकायला शिकला.

गेटवरच्या प्रकारानंतर उदयच चाळीत आला. खाटेवर बसला, कमळाबाईनं दिलेला चहा घेतला.

"वाल्मिकभाऊ, एक कागद आणा. या डोक्याला हेल्मेट चालत नाही, असं मोठ्या डॉक्टरचं पत्र. मग देवसाहेब काही बोलू शकणार नाहीत. आणि इलाज असला तर तोही होऊन जाईल."

"इलाज असता त आतापर्यंत झाला नसता का?" वाल्मिक म्हणाला.

"दाखवलंय कधी कुणाला?"

दाखवलं नव्हतं.

सिल्वासातल्या गुजराती डॉक्टरांनी चष्मा सारखा करून दोनदा पाहिलं. "आ तो में पहेली वार जोयुं," ते म्हणाले. असलं त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

तिथले त्वचारोगाचे प्रमुख डॉक्टर उंच, पिकल्या केसांचे होते. त्यांनी टोपी काढायला सांगितली आणि खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून कमळाबाईला क्षणभर बरं वाटलं. किळस नव्हती. आनंद होता.

"फार दुर्मिळ," ते म्हणाले. "फारच दुर्मिळ. पत्र ना? देतो की. पण पुढच्या रविवारी आमची सभा आहे, बाहेरगावचेही डॉक्टर येणार आहेत. त्या दिवशी या. सगळे मिळून बघू, पत्र तिथंच देतो."

वाल्मिकला वाटलं, मोठमोठे डॉक्टर मिळून इलाज ठरवणार. शनिवारी कमळाबाईनं त्याचं डोकं एरवीपेक्षा जास्त निगुतीनं धुतलं. पाहुणे यायचे म्हणून अंगण सारवावं तसं.

सभेच्या हॉलला लागून एक लांब खोली होती. तिथं पडदे लावून पाच आडोसे केले होते. प्रत्येकात एक स्टूल, स्टुलावर एक माणूस, पडद्याला टाचलेला एक आकडा. वाल्मिक तीन नंबर. शेजारच्या चार नंबरात माशासारखी खवल्याखवल्यांची कातडी असलेली दहा-बारा वर्षांची मुलगी बसली होती. तिची आई सारखा तिचा फ्रॉक गुडघ्याखाली ओढत होती.

डॉक्टर रांगेनं आले. कुणाच्या हातात चहाचा कप होता. आत आल्यावर वाकायचे, दोन बोटांनी वळी ताणायचे, फटीत बघायचे, एकमेकांशी इंग्रजीत बोलायचे आणि पुढच्या पडद्याकडे जायचे. एकानं खिशातून पट्टी काढून मोजलं. एकानं फोटो काढले. "खाली बघा. अजून खाली. हलू नका." एक तरुण डॉक्टर अगदी जवळ वाकून वास घेऊन गेला आणि त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

कमळाबाई भिंतीला टेकून, टोपी दोन्ही हातांत धरून उभी होती. ती डॉक्टर मोजत होती. बासष्टपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. वाल्मिकची मान तशीच खाली होती. त्याचे हात मांडीवर उताणे पडले होते. एवढ्या माणसांत त्याला कुणी नाव विचारलं नाही.

शेवटी प्रमुख डॉक्टर आले. त्यांनी पत्र दिलं आणि वाल्मिकच्या खांद्यावर थोपटलं.

"छान. फार मदत झाली तुमची. आत्ता लगेच ऑपरेशनची घाई नाही. मात्र दर सहा महिन्यांनी दाखवायला या हं. विसरायचं नाही."

मग शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला ते इंग्रजीत बराच वेळ काही सांगत राहिले. त्यानं ते फाइलमध्ये उतरवून घेतलं.

वापीला गाडीतून उतरून सिल्वासाच्या जीपमध्ये बसल्यावर वाल्मिक म्हणाला, "दर सहा महिन्याले दाखवायले या, म्हने. तमाशा हाय का माझा?"

"नई जायचं पुन्हा," कमळाबाई म्हणाली. ती संतापलेली होती. "मी नई जाऊ देनार तुमाले तथी."

देवांनी पत्र दोनदा वाचलं.

"म्हणजे तुला हेल्मेट घालता येत नाही, हे आता लेखी आलं."

"हो साहेब."

"मग तुला मशीनवर कसा ठेवू? उद्या तुझ्या डोक्यात काही पडलं तर हाच कागद माझ्यासमोर धरतील. बिनहेल्मेटचा माणूस आत ठेवलाच कसा, म्हणून."

"साहेब, कागद आना असं उदयसाहेब बोलले होते—"

"उदय काळे मशीनं बघतात. माणसं मी बघतो."

दुसऱ्या दिवसापासून वाल्मिक ऑफिससमोरच्या बागेत होता. क्रोटनच्या कुंड्यांना पाणी घालायचं, गवत कापायचं, साहेबांच्या गाड्या पुसायच्या. उदय येऊन सांगून गेला की त्यानं वाद घातला, पण उपयोग झाला नाही. वाल्मिक म्हणाला, "जाऊ द्या साहेब. तुमी चांगल्यासाठीच केलं." त्याच्या मशीनवर एक नवा माणूस दिला. कधी कधी पाणी घालता घालता वाल्मिक पाइप हातात धरून थांबायचा आणि कारखान्याच्या पत्र्याकडे बघत राहायचा. कुंडी भरून पाणी वाटेवर वाहायचं. थोड्या वेळानं आत मशीन थांबल्याचं ऐकू यायचं. मग तो पाइप पुढच्या कुंडीत टाकायचा.

वर्षभरानं उदय नोकरी सोडून नाशिकला परत गेला. जाताना सगळ्यांना भेटला. बागेत आला तेव्हा वाल्मिक गाडी पुसत होता. दोघं थोडं बोलले. उदयनं शेवटी हात पुढं केला आणि वाल्मिकनं आपला ओला हात पँटला पुसून त्याच्या हातात दिला.

१९९४ ची दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी कमळाबाईचं बोट डाव्या कानामागच्या वळीवर थांबलं. त्या वळीच्या आत ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. काळंकुट्ट. आजवर सगळी कातडी एकाच तपकिरी रंगाची होती. अठरा वर्षांत तिनं एकेक फट पुसली होती, तिच्या हाताला नवं काही सापडत नसे.

"इथी काहीतरी नवं हाय," ती म्हणाली.

"असू दे. वय झालं, आता सगळंच नवं निघंल."

महिन्याभरानं ते हरभऱ्याएवढं झालं. मग एका रविवारी फडक्याला रक्त लागलं.

"अहो, मुंबईले जाऊन येऊ."

वाल्मिकनं बाजूला ठेवलेली टोपी उचलून मांडीवर घेतली.

"नुसतं दाखवून येऊ."

"दाखवून झालं, कमळे," तो शांतपणे म्हणाला. "तूच बोलली होती, पुन्हा नई जायचं म्हनून."

कमळाबाईनं फडकं पिळलं आणि पुढची फट पुसायला घेतली. तो हॉल तिच्या डोळ्यांपुढे आला, चार नंबरातली मुलगी आली, वास घेणारा तो डॉक्टर आला. तिनं पुन्हा विषय काढला नाही. सिल्वासातल्या औषधाच्या दुकानातून मलम आणलं. हळद भरली. दर रविवारी ती तिथं आधी बघायची आणि बघून गप्प राहायची. आपण भांडलो असतो, रडलो असतो, तर तो मुंबईला गेला असता, हे तिला तेव्हाही माहीत होतं.

मे महिन्यात मानेत गाठ आली, सुपारीएवढी, टणक. ती टोपीखाली झाकली जात नव्हती. सोनी आता अठराची होती, सिल्वासाच्या शाळेतून बारावी झालेली. तिला ती दिसली.

"पप्पा, हे काय आहे? कधीपासून आहे?" ती बापाला आणि आईला आलटून पालटून विचारत राहिली. मग तिनं बापाची पिशवी भरायला घेतली.

मुंबईच्या त्याच इस्पितळात प्रमुख डॉक्टर आता निवृत्त झाले होते. डॉक्टर नेहा नावाची तरुण मुलगी होती. तिनं डोकं पाहिलं, मान चाचपली, काखेत चाचपलं. मग जुनी फाइल शोधून आणायला लावली आणि उभ्यानंच वाचली.

"तुम्ही सहा महिन्यांनी आला का नाहीत?" तिचा आवाज चढला. "चार वर्षं! इथे स्पष्ट लिहिलंय. रंग बदलतो का, गाठ येते का, दर सहा महिन्यांनी तपासायचं. अशा डागात कधी कधी कॅन्सर होतो. आणि तुम्ही आलाच नाहीत?"

"कोनत्या भाषेत लिहेल हाय, बाई?" कमळाबाईनं विचारलं.

नेहानं पानाकडे पाहिलं. फाइल मिटली.

"इंग्रजीत," ती म्हणाली. नंतर त्या दोघांशी बोलताना तिचा आवाज पुन्हा चढला नाही.

तपासण्या झाल्या. रोग फुप्फुसात उतरला होता. करण्यासारखं फार उरलं नव्हतं. गाठ फुटून वाहायला लागली होती, म्हणून वाल्मिकला वॉर्डात ठेवून घेतलं. जुलैच्या शेवटी एका सकाळी नेहा त्याच्या खाटेशी येऊन उभी राहिली.

"काका, एक विचारायचं होतं. नाही म्हणालात तरी चालेल. माझे विद्यार्थी आहेत, सहाजण. त्यांना तुमचं डोकं दाखवायचंय. पुढे असा कुणी त्यांच्याकडे आला तर त्यांना वेळेत कळलं पाहिजे."

"नई," कमळाबाई म्हणाली.

वाल्मिक उशीला टेकून बसला होता. बोलताना त्याला दम लागायचा. "दाखवा," तो म्हणाला. "एक अट हाय. जे सांगायचं ते मराठीत सांगा. मले समजलं पायजे."

"सगळी मुलं मराठी नाहीत, काका."

"त्याहिले तुमी मागून समजवा. आधी मले."

सहाजण आले. खाटेभोवती उभे राहिले. नेहानं पट्टी सोडवली आणि बोलायला सुरुवात केली, पण शब्द अडायला लागले. इंग्रजी शब्द ओठांवर यायचा, तो गिळून ती मराठी शोधायची.

"हा... हा जन्मजात तीळ आहे. खूप मोठा."

"तीळ?" वाल्मिक म्हणाला.

"हो काका. तीळच. आपल्या सगळ्यांच्या अंगावर असतात तसा. फक्त फार मोठा, आणि वयात येताना जाड होऊन घड्या पडलेला. ही कुणाची चूक नसते. हा संसर्गानं होत नाही. आईबापांकडून सहसा येत नाही, आणि मुलांकडेही जात नाही."

वाल्मिकनं मान वळवून कमळाबाईकडे पाहिलं. ती खिडकीकडे बघत होती. सोनीनंतरची सगळी वर्षं त्या दोघांमध्ये येऊन उभी राहिली आणि तिकडं बघायचं धाडस दोघांनाही झालं नाही.

"पुढं सांगा," तो म्हणाला.

"हा ऑपरेशननं काढता येतो. दोन-तीनदा करावं लागतं. मांडीची कातडी काढून तिथं लावतात. घड्या साफ आणि कोरड्या ठेवाव्या लागतात. यांच्या बायकोनं त्या इतकी वर्षं जशा ठेवल्यात, तशा मी कुठंच पाहिल्या नाहीत. आणि... आणि लक्ष ठेवावं लागतं."

"पयल्यांदा आलो तवाच काढलं असतं त?"

नेहानं हातातली पट्टी खाटेवर ठेवली. विद्यार्थ्यांच्या वह्यांवरची पेनं थांबली.

"तर बहुतेक हे झालं नसतं, काका. आणि नसतं काढलं तरी, दर सहा महिन्यांनी बघितलं असतं तर ते अगदी दाण्याएवढं असतानाच सापडलं असतं."

"दान्याएवढं होतं तवाच हिले सापडलं होतं." त्यानं कमळाबाईकडे बोट केलं. "हिनं सांगलं मले. मीच नई आलो. मले वाटलं, दाखवायले या म्हंजे पुन्हा स्टुलावर बसायले या." त्याला खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाला, "हे बी लिहून घ्या. हिचा काही दोष नई. आन् पुढं कोनी आला, त त्याले नीट सांगा, कायले बोलावता ते."

एका मुलीनं खरोखरच लिहून घेतलं. कमळाबाई उठली आणि पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेली. जिन्याजवळ जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आत नेहा आता इंग्रजीत बोलत होती, हळू आवाजात.

त्यानंतर तेरा दिवसांनी, पहाटे पाचच्या सुमाराला, वाल्मिक गेला. त्याची खाट लगेच दुसऱ्या रोग्याला हवी होती, म्हणून त्याला खाली शवागारात नेऊन ठेवलं. सोनी आणि कमळाबाईचा भाऊ नारायण सिल्वासाहून गाडी घेऊन निघाले होते. कमळाबाई शवागाराच्या बाहेर बाकावर बसली होती. दहा वाजता तिथला कारकून आला, त्यानं टेबलावरची धूळ फुंकली आणि फॉर्म पुढ्यात ओढला.

"मयताचं नाव?"

"वाल्मिक रामदास सपकाळे."

"वय?"

"बेचाळीस."

"राहणार?"

"सायली. सिल्वासा."

त्यानं हिंदीत, मग मराठीत, मग पुन्हा हिंदीत काहीतरी पुटपुटत रकाने भरले. खालच्या एका रकान्यावर पेन टेकवून त्यानं वर पाहिलं.

"ओळखीची खूण सांगा. शरीरावरची. ती बघूनच ताबा देतात, म्हणून लागते."

शवागाराचा माणूस दारात उभा होता. रात्रपाळीवरच्या दुसऱ्यानं त्याला सांगितलं असावं. तो कारकुनाला म्हणाला, "अरे, वो सर वाला है ना, लिख दे."

"नई," कमळाबाई म्हणाली.

कारकुनानं पेन उचललं.

"उजव्या हाताच्या अंगठ्यावर जखमेचा वन हाय," ती म्हणाली. "आडवा. तार तुटली होती कारखान्यात, त्र्याऐंशी साली. हाडापर्यंत गेली होती. फडकं बांधलं आन् पाळी पूर्न केली. तो लिहा."

"दुसरी काही खूण?"

"दुसरी नई."

कारकुनानं लिहिलं. ते तिच्याकडून वाचून घ्यायची पद्धत नव्हती, तरी त्यानं कागद फिरवून तिच्यापुढं धरला, आणि तिला वाचता येत नाही हे लक्षात आल्यावर मोठ्यानं वाचून दाखवला. मग ती आत गेली. शवागाराचा माणूस चादरीच्या डोक्याकडच्या टोकाला हात घालणार, तेवढ्यात थांबला. बाजूला येऊन त्यानं चादर कडेनं वर केली आणि वाल्मिकचा उजवा हात बाहेर काढून तिच्यापुढं धरला.

"हाच," कमळाबाई म्हणाली.